आईच्या मनगटाची गाठ टीबीची निघाली

आम्ही तासगावचे. आई बेदाणा निवडायला शेडवर जाते. आठ महिने उजव्या मनगटावर सूज होती. दुखणं फारसं नाही, पण मूठ वळेना. दोनदा सुईनं पाणी काढलं, पुन्हा भरलं. शेवटी सांगलीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाटली दाखवली, आत अगदी तांदळाच्या कण्या! तपासणीत टीबी आला. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. मग हाताला कसा झाला? घरात लहान पोर आहे, आईची भांडी वेगळी ठेवू का?

मिरजेहून:
ताई, भांडी वेगळी करू नका, आईच्या जिवाला लागेल. टीबी भांड्यांतून पसरतच नाही. फुप्फुसातला खोकल्यातून पसरतो. जंतू रक्तातून कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात जाऊन बसतो, कण्या तिथंच होतात.

कराडहून:
माझ्या वडिलांनाही हेच झालेलं. लघवी केशरी दिसली तर घाबरू नका, रिफाम्पिसिन या टीबीच्या गोळीचा रंग असतो. पण डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवा. बरं वाटलं म्हणून वडिलांनी तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या, गाठ परत आली. तुम्ही तसं होऊ देऊ नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे, निक्षय पोषण या सरकारी योजनेतून टीबीच्या रुग्णाला खाण्यापिण्यासाठी महिना १००० रुपयेही मिळतात.

तासगावहून:
आजच आईचं ताट आमच्यासोबत वाढलं.