विषय: डिसेंबरचा सिनेमा – एक खून, एक नवरा-बायको आणि एक कुत्रा

प्रेषक: इव्हॅन्स्टनचे काका (चित्रपट उपसमिती, एकूण सदस्य १)

मंडळी, नमस्कार.

दिवाळी पार पडली, फराळाचे डबे ज्याचे त्याला पोचले असं धरून चालतो. आता डिसेंबरच्या सिनेमाचं बोलू. गेली काही वर्षं आपण तेच चार मराठी विनोदी चित्रपट आलटून पालटून लावतोय, आणि नट तोंड उघडायच्या आत संवाद आपणच म्हणतोय. यंदा जरा बदल म्हणून १९३४ सालचा 'द थिन मॅन' लावू या. एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा, कृष्णधवल, दीड तासाचा. नाताळातलं न्यूयॉर्क, एक बेपत्ता संशोधक, थोडे खून, आणि या भानगडीत नको नको म्हणत ओढलं गेलेलं एक जोडपं: निक आणि नोरा चार्ल्स. तो एके काळी डिटेक्टिव्ह होता. आता बायकोला वडिलांकडून मिळालेली इस्टेट सांभाळतो. घरजावईच म्हणा ना, आणि त्याची त्याला कणभर लाज नाही. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय ही जोडी. सोबत अ‍ॅस्टा नावाचा कुत्रा.

शिकागोकरांसाठी एक जादा आकर्षण. याच दिग्दर्शकाचा आणि याच जोडीचा 'मॅनहॅटन मेलोड्रामा' त्याच वर्षी आला होता. २२ जुलै १९३४ च्या रात्री तो बघून आपल्या लिंकन अव्हेन्यूवरच्या बायोग्राफ थिएटरातून बाहेर पडणाऱ्या जॉन डिलिंजर या बँकलुटारूला सरकारी एजंटांनी गोळ्या घातल्या. तिथे गाडी लावायला जागा शोधताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

हरकती असल्यास शुक्रवारपर्यंत.

– काका


प्रेषक: खजिनदार

काका, हरकत एकच. घरची डीव्हीडी हॉलमध्ये लावता येत नाही, सार्वजनिक खेळाचा परवाना वेगळा काढावा लागतो. १९३४ चे चित्रपट इथल्या कॉपीराइट कायद्यात ९५ वर्षांनी, म्हणजे २०३० च्या १ जानेवारीला मोकळे होतील. तोवर थांबायची तयारी आहे का?

बाकी चिवडा मंडळाचा, चहा ज्याचा त्याचा.


प्रेषक: शॉमबर्गच्या मावशी

काका,

मी हा चित्रपट रात्री टीव्हीवर अर्धा बघितला होता आणि बंद केला. नायक सकाळी उठला की पितो, दुपारी पितो, पाहुणे आले की पितो, गेले की सुटका झाली म्हणून पितो. मुलं येणार आहेत हॉलमध्ये. त्यांना काय सांगायचं, की हे सरबत आहे?

त्यापेक्षा मिस विदर्सचे चित्रपट बघा. 'द पेंग्विन पूल मर्डर', १९३२ चा, आरकेओ स्टुडिओचा. बाई शाळामास्तरीण. वर्ग घेऊन न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात सहलीला येते आणि पेंग्विनच्या हौदात धाडकन प्रेत पडतं. बाई घाबरत नाही, किंचाळत नाही. पोलीस इन्स्पेक्टरला पाचवीतल्या पोरासारखं समोर उभं करून चुका काढते. एडना मे ऑलिव्हर ही नटी, चेहरा असा की वर्गात नुसती आली तरी फळ्याखालची कुजबुज थांबावी. मी तीस वर्षं शिकवलंय, मला कळतं. चष्म्यावरून नुसतं बघणं हासुद्धा अभिनयच असतो.

शेवटी ती आणि तो इन्स्पेक्टर घाईघाईने लग्न करायला निघतात. पुढच्या चित्रपटात मात्र दोघं पुन्हा बिनलग्नाची, जणू काही झालंच नव्हतं! याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

– मावशी


प्रेषक: इव्हॅन्स्टनचे काका

मावशी,

मिस विदर्सबद्दल एकदम मान्य. ऑलिव्हरबाईंनी ते काम तीनदा केलं. मग हेलन ब्रॉडरिक आली, नंतर झासू पिट्स, आणि छडी तीच राहूनही वर्ग हातातून गेला.

पिण्याबद्दल मात्र थोडी बाजू मांडतो. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती. ती उठली ५ डिसेंबर १९३३ ला, आणि हा चित्रपट आला मे १९३४ मध्ये. म्हणजे सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. चौदा वर्षं लोकांनी तळघरात लपूनछपून घेतलेली गोष्ट एक सभ्य माणूस कडक इस्त्रीच्या सुटात, दिव्यांच्या झगमगाटात, बँडच्या साथीने घेतोय, याचंच थिएटरात हसू फुटत असणार. निक पहिल्यांदा दिसतो तोच बारच्या पोऱ्यांना शिकवणी देताना: मॅनहॅटन हे कॉकटेल खळखळून हलवायचं फॉक्सट्रॉट नाचाच्या तालात, ब्राँक्स टू-स्टेपच्या आणि ड्राय मार्टिनी कायम वॉल्ट्झच्या. आपल्याकडे कुणी गंभीर चेहऱ्याने ताकाला भजनी ठेका आणि पन्ह्याला दादरा लावून द्यावा, तसं. त्यात मंदी. चारातला एक जण बेकार. लोक उधारीवर जगत होते आणि पडद्यावरच्या या दोघांना पैशाची काळजीच नव्हती. तासभर तेवढं बघायला मिळालं तरी तिकीट वसूल.

पण मावशी, तुम्ही अर्ध्यात बंद केलात तिथेच घोटाळा झाला. दारू निमित्त आहे. बघायचंय ते लग्न.

त्याआधीचे पडद्यावरचे डिटेक्टिव्ह आठवा. सडाफटिंग नाहीतर दु:खी. आणि प्रेमकथांमध्ये लग्न शेवटच्या मिनिटाला: मंगलाष्टकं झाली की अंतरपाट आणि पडदा एकदमच खाली. लग्नानंतर गंमत असते हे कुणी दाखवतच नव्हतं. इथे नोरा पहिल्यांदा येते तीच कुत्र्याच्या दोरीला फरफटत, हातातल्या नाताळच्या खरेदीसकट भर हॉटेलात जमिनीवर सपशेल पालथी. उठते, टोपी सरळ करते आणि जणू ठरवूनच आले अशा थाटात नवऱ्यासमोर बसते. किती झाले विचारते. सहावा, असं कळल्यावर ती कपाळाला हात लावत नाही, माहेरी जायची धमकी देत नाही. वेटरला सांगते, माझ्यासमोर आणखी पाच ओळीने मांड. दुसऱ्या दिवशी डोक्यावर बर्फाची पिशवी धरून बसते, पण बरोबरी सोडत नाही. अख्ख्या चित्रपटात दोघं एकमेकांना 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं धड तोंडाने म्हणत नाहीत. नुसती चेष्टा, टोमणे, तोंडं वेडावणं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर सांगतो, खरं असंच असतं.

हे योगायोगाने झालेलं नाही. पटकथा लिहिली अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच यांनी, आणि हे दोघं एकमेकांचे नवरा-बायको. दिग्दर्शक व्हॅन डाइकने त्यांना सांगितलं होतं की डॅशियल हॅमेटच्या कादंबरीतलं रहस्य नुसतं खुंटीसारखं वापरा आणि मला या जोडप्याचे प्रसंग लिहून द्या. व्हॅन डाइकचं टोपणनावच 'वन-टेक वुडी'. एकदा घेतलं की झालं. दोनेक आठवड्यांत शूटिंग आटोपलं. त्यामुळेच दोघांच्या बोलण्यात तालीम केल्याचा वास येत नाही. स्टुडिओचे मालक लॉयबाईंना घ्यायला नाखूष होते, कारण तोवर त्यांना बहुतेक पूर्वेकडच्या कपटी मोहिनी असल्या भूमिका मिळायच्या. फू मांचू या चिनी खलनायकाची मुलगी वगैरे. व्हॅन डाइक हट्टाला पेटला म्हणून नोरा मिळाली.

सुमारे सव्वादोन लाख डॉलरचा हा खटाटोप. चार ऑस्कर नामांकनं मिळाली आणि चारही ठिकाणी एकाच चित्रपटाकडून हरला. पुढे याच जोडीचे १९४७ पर्यंत आणखी पाच भाग निघाले. दुसऱ्या भागात हॅकेट-गुडरिच इतके कंटाळले की शेवटी नोराला बाळाचे मोजे विणायला बसवून त्यांनी सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. स्टुडिओने बाळासकट तिसरा भाग काढला.

नकला तर किती! पॉवेललाच जिंजर रॉजर्सबरोबर 'स्टार ऑफ मिडनाइट'मध्ये घातलं, मग जीन आर्थरबरोबर 'द एक्स-मिसेस ब्रॅडफर्ड'मध्ये. एमजीएमने स्वत:च दुर्मिळ पुस्तकं विकणारं एक हेर जोडपं काढलं. १९३८-३९ मध्ये त्याचे तीन चित्रपट, आणि तीनही वेळा नवराही नवा, बायकोही नवी. एकही जोडी मुरली नाही. लोणचं आणि जोडपं, दोन्हीला बरणी बदललेली चालत नाही.

जाता जाता: 'थिन मॅन' म्हणजे निक नव्हे. तो हरवलेला संशोधक. पण लोक पॉवेललाच थिन मॅन म्हणू लागले आणि स्टुडिओनेही पुढच्या भागांच्या नावात तोच गैरसमज गिऱ्हाइकासारखा जपला.

– काका


प्रेषक: नेपरव्हिलचे निवृत्त इंजिनिअर

काकांचं पत्र वाचलं. मधे जेवून घेतलं, मग उरलेलं वाचलं.

माझा मुद्दा साधा आहे. खुनाचा चित्रपट असेल तर खून नीट सोडवा. 'थिन मॅन'मध्ये निक काय करतो? सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतो, पोलिसांना वेटरचे कपडे घालतो, आणि खुनी कोण हे त्याचं त्यालाच नक्की ठाऊक नसतं! बोलत राहतो, बोलत राहतो, कुणी घाबरून उठतं का बघतो. याला तपास म्हणत नाहीत, सोसायटीची वार्षिक सभा म्हणतात.

रहस्य बघायचंच असेल तर १९३३ चा 'द केनेल मर्डर केस' बघा. मायकेल कर्टिझ दिग्दर्शक, नायक हाच पॉवेल, पण फायलो व्हॅन्स नावाचा डिटेक्टिव्ह म्हणून. आतून कडी लावलेली खोली, खुर्चीत मृत माणूस, सगळे म्हणतात आत्महत्या. कडी कशी लागली याचं उत्तर दोऱ्या-खिळ्यांनिशी करून दाखवलंय. इमारतींची छोटी मॉडेल ठेवून कोण कुठे होतं ते समजावलंय. विनोदही आहे, पण कामाच्या वेळी काम. आणि सव्वा तासात मोकळे.

काकांच्या चित्रपटाचा दुसरा भाग तरी बरा, त्यात खुनी निघतो (मॉडरेटरने येथील दोन शब्द गाळले आहेत) आणि ते पाहून मी खुर्चीतून उठलो होतो.


प्रेषक: मॉडरेटर

ऐंशीहून अधिक वर्षं जुन्या चित्रपटाचा खुनी सांगितला म्हणून मला तीन खासगी तक्रारी आल्या आहेत. कृपया सांभाळा.


प्रेषक: खजिनदार

'केनेल'चा कॉपीराइट कुणी वेळेत वाढवला नाही, म्हणून तो इथे केव्हाच मोकळा झालाय असं दिसतं. फुकट. माझं मत 'केनेल'ला.


प्रेषक: ओक पार्कची सून

काका, मावशी, सगळ्यांना नमस्कार. मी या लिस्टवर नुसती वाचते, पण आज राहवलं नाही.

मी 'द थिन मॅन' नवऱ्याबरोबर बघितला आणि दोन ठिकाणी थांबवला. एक म्हणजे हॉटेलच्या खोलीत पिस्तूलवाला घुसतो, तेव्हा निक नोराला वाचवायला तिलाच एक ठोसा मारून आडवी करतो. आज हे बघवत नाही. मग नोरा शुद्धीवर येते आणि चिडते ती कशावरून, तर त्या गुंडाला धरलेलं बघायला मिळालं नाही म्हणून! मी हसले, आणि हसल्याचा रागही आला.

दुसरं: श्रेयनामावलीत कॅमेऱ्याखाली जेम्स वाँग हाउ हे नाव दिसलं. जन्म चीनमधला, लहानपणी इथे आलेला. काळ्या-पांढऱ्यात सावल्यांचं त्याने जे केलंय त्यामुळे हा हलकाफुलका चित्रपट खुनाच्या जागी खरंच काळोखा होतो. त्या बंद वर्कशॉपमध्ये निक आणि अ‍ॅस्टा टॉर्च घेऊन शिरतात तो प्रसंग बघा. आता गंमत अशी की त्याच काळात चार्ली चॅन हा चिनी डिटेक्टिव्ह पडद्यावर गाजत होता आणि त्याचं काम करत होता वॉर्नर ओलंड, जन्माने स्वीडिश. म्हणजे चिनी माणूस कॅमेऱ्यामागे आणि स्वीडिश माणूस चिनी होऊन कॅमेऱ्यापुढे. हाउला या देशाचं नागरिकत्व मागायचीही सोय नव्हती. चिन्यांना मज्जाव करणारा कायदा उठला १९४३ मध्ये. आपल्यापैकी ज्यांनी ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे केलेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि काका, निकचं खरं आडनाव माहीत आहे ना? कादंबरीत आहे: हारालांबिदिस. बाप ग्रीक. एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या नाक्यावरच्या कारकुनाला लिहायचा कंटाळा आला म्हणून त्याने 'चार्ल्स' करून टाकलं. माझ्या सासऱ्यांच्या आडनावाचं ऑफिसात काय झालंय ते त्यांच्या परवानगीशिवाय सांगत नाही, पण सात अक्षरांची तीन उरली आहेत.


प्रेषक: इव्हॅन्स्टनचे काका

सूनबाई, इतके दिवस गप्प कशाला बसलात? उपसमितीची सदस्यसंख्या आजपासून २.

ठोशाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तो प्रसंग आला की मी चहा टाकायला उठतो.

इंजिनिअरसाहेब, कादंबरीत अ‍ॅस्टा ही श्नाउझर जातीची कुत्री आहे. पडद्यावर फॉक्स टेरिअर कुत्रा झाला. त्याचं खरं नाव स्किपी. प्रशिक्षक त्याला नटांशी सलगी करू देत नसत, आणि लॉयबाईंना तो एकदा चावलाही होता. तरी पडद्यावर तिघांचं एक घर वाटतं. कडी कशी लागली हे तुम्ही सांगाल, पण हे कसं जमलं ते सांगून दाखवा.


प्रेषक: शॉमबर्गच्या मावशी

काल रात्री पूर्ण बघितला. ह्यांनाही बसवलं. हे पहिल्या वीस मिनिटांत झोपले, मग निक सोफ्यावर आडवा पडून नाताळच्या झाडावरचे फुगे हवेच्या बंदुकीने फोडतो तेव्हा आवाजाने उठले आणि शेवटपर्यंत जागे राहिले. नोरा नवीन फरचा कोट घालून शेजारी बसलेली, चेहऱ्यावर 'याचं काय करावं' असं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

आज सकाळी भाजी निवडताना ह्यांनी विचारलं, खुनी कोण होता गं? मला आठवेना. ह्यांनाही आठवेना. इंजिनिअरसाहेबांना वाटेल आमचं वय झालं. पण मला ते पार्सलांसकट पडणं आठवतं, आणि जेवणाच्या टेबलावर वेटर झालेल्या पोलिसांचे पडलेले चेहरेही.

पिण्यावरची हरकत मागे घेत नाही. मुलांना शेजारच्या खोलीत बसवा, मी पेंग्विनची गोष्ट सांगेन. प्रेतासकट.

– मावशी


प्रेषक: खजिनदार

ठरलं असं समजतो: 'थिन मॅन'चा परवाना मिळाला तर दोन्ही, नाहीतर नुसता 'केनेल'. लायब्ररीचा खालचा हॉल रविवारी दुपारी २ पासून मिळतोय. चिवडा पाच किलो पुरेल का? मागच्या वेळी मध्यंतराआधी संपला होता आणि कुणी खाल्ला ते अजून कळलेलं नाही.