रेपोमध्ये बायनरी (मजकूर म्हणून वाचता न येणाऱ्या) फाइली ठेवाव्यात का?

सोर्सप्रेमी
आमच्या रेपोत, म्हणजे कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या साठ्यात, कोणीतरी तयार बिल्डचा (कोडपासून बनवलेल्या प्रोग्रामचा) ८० एमबीचा टारबॉल (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) कमिट केला, म्हणजे इतिहासात नोंदवला. आठवड्याने दुसरा, मग तिसरा. शेवटी तिन्ही डिलीट केले, तरी क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) तेवढाच जड! डिलीट केलेली फाइल गिटच्या इतिहासात राहतेच. कोडच्या दोन आवृत्त्यांतला फरक तेवढा साठवून गिट जागा वाचवतं. दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) टारबॉलमध्ये सुरुवातीला जरा काही बदललं की पुढचे बाइट जवळपास सगळेच बदलतात, म्हणून दर वेळी नवे ८० एमबी. इतिहासातून उपटायचं तर तिथून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) बदलतो आणि सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागतं. आम्ही ते केलं, दोन दिवस गेले. सोर्समधून जे पुन्हा बनवता येतं, ते रेपोत नकोच.

खेळकर्मी
आणि जे बनवता येत नाही ते? आम्ही गेम बनवतो. टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं), आवाज हाच आमचा सोर्स. सहा महिन्यांपूर्वीचं कमिट उघडलं तर तेव्हाचंच चित्र मिळायला हवं. लायब्रऱ्याही (दुसऱ्यांनी लिहिलेला, आम्ही वापरतो तो कोड) मी रेपोतच ठेवतो. २०१६ मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक साठ्यावरून) लेफ्ट-पॅड ही छोटीशी लायब्ररी काढली गेली तेव्हा किती जणांचे बिल्ड पडले, आठवा.

सोर्सप्रेमी
लेफ्ट-पॅड जावास्क्रिप्ट होतं, उघडून वाचता येणारं. ते खुशाल ठेवा. जार किंवा डीएलएल अशी कंपाइल केलेली (यंत्रासाठी रूपांतरित) लायब्ररी रिव्ह्यूमध्ये, म्हणजे बदल तपासताना, कोण वाचणार? डिफमध्ये (बदललेल्या ओळी दाखवणाऱ्या यादीत) फक्त 'बायनरी फाइल बदलली' एवढंच दिसतं.

तिसरीनजर
मुद्दा इथेच आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या लायब्ररीतला बॅकडोर (लपवलेला चोरदरवाजा) उघड झाला. त्याचा मुख्य भाग चाचणीच्या दाबलेल्या फाइलींत लपवून रेपोत घातला होता. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरण्याची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला तो सापडला, रिव्ह्यूत नाही.

खेळकर्मी
पण तो बॅकडोर चालू करणारी बिल्डची ओळ रेपोत नव्हती, रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, आणि ती साधा मजकूर होती! शिवाय दाबणाऱ्या लायब्ररीला चाचणीसाठी बिघडलेल्या फाइली लागतातच.

सोर्सप्रेमी
लागतात, मान्य. मग त्या बनवणारी स्क्रिप्टही सोबत ठेवा, म्हणजे कोणीही चालवून ताडून बघेल. तुमच्या टेक्स्चरसाठी गिट एलएफएस आहे: रेपोत लहानसा पॉइंटर (फाइल कोणती ते सांगणारी नोंद), खरी फाइल वेगळ्या सर्व्हरवर.

खेळकर्मी
एलएफएस वापरतोच. दोघांनी एकच चित्र बदललं तर मर्ज होत नाही (दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत), म्हणून एका वेळी एकालाच फाइल बदलू देणारं एलएफएसचं लॉकही लागतं. पण एलएफएसचा सर्व्हर बंद पडला की हातात नुसते पॉइंटर उरतात. म्हणून लहान आयकॉन मी थेट गिटमध्येच ठेवणार.