फेडरल लोन माफीच्या फॉर्मवर पुण्याच्या डॉक्टरांची सही चालेल का?

एडिसनकर:
धाकट्या भावाला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, ग्रीन कार्ड आहे त्याचं, इथे अमेरिकेतच मास्टर्स केलं आणि त्याचं फेडरल लोन (सरकारी शैक्षणिक कर्ज) अजून डोक्यावर आहे. आता काठीशिवाय चालता येत नाही, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं की गळून जातो, नोकरी सुटली. टीपीडी डिस्चार्जसाठी, म्हणजे कायमच्या अपंगत्वामुळे मिळणाऱ्या लोन माफीसाठी, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. मधली सगळी ट्रीटमेंट पुण्यात झाली, तिथले न्यूरॉलॉजिस्ट सही द्यायला तयार आहेत पण इथले म्हणतात 60 महिने काम जमणार नाही असं मी छातीठोक कसं लिहू. कुणी केलंय का हे?

जर्सीची मावशी:
नाही रे, पुण्याची सही नाही चालत, अमेरिकेतल्या राज्याचं लायसन्स लागतं. पण तिकडचे एमआरआय, रिपोर्ट सगळे इथे दाखव, आजार किती जुना ते त्यावरूनच कळेल. आणि आता एमडीच पाहिजे असं नाही, जुलै 2023 पासून नर्स प्रॅक्टिशनर (एनपी), फिजिशियन असिस्टंट, लायसन्सवाले सायकॉलॉजिस्ट पण सही करू शकतात. भावाला नेहमी तपासणारी एनपी असेल तर तिलाच विचार.

ह्यूस्टनवाला:
डॉक्टरांना भविष्य सांगायचं नाहीये हो. आजारामुळे पोटापुरतं कमवायचं काम होत नाही आणि हे 60 महिने चाललंय किंवा पुढे तेवढं चालेल असं दिसतंय, यातलं एक बसलं तरी पुरे. खरी मेख पुढे आहे, नुसतं आजाराचं नाव लिहून भागत नाही. बायकोच्या फॉर्मवर शॉर्टफॉर्म लिहिले होते तर तो परत आला, फार मनस्ताप झाला. किती वेळ बसवतं, उभं राहवतं का, आंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः होतं का, हे साध्या शब्दांत लिहून घ्या. सही झाली की 90 दिवसांच्या आत फॉर्म गेला पाहिजे. अर्ज करतोय असं आधी कळवलंत तर 120 दिवस हप्ते थांबतात. आणि मंजुरीनंतर तीन वर्षं नवीन फेडरल लोन अजिबात नको, जुनं परत अंगावर येतं.

जर्सीची मावशी:
सोशल सिक्युरिटीचं डिसॅबिलिटी मिळतंय का त्याला? काही केसमध्ये त्या पत्रावरच काम होतं, डॉक्टर लागतच नाही. प्रायव्हेट लोनला मात्र यातलं काही लागू नाही.

एडिसनकर:
तो अर्ज अजून अडकलाय मावशी, त्यामुळे सध्या डॉक्टरचाच रस्ता. एनपी आहे आणि त्याला चांगली ओळखते, तिची अपॉइंटमेंट घेतो. हप्ता 5 तारखेला आहे, ते 120 दिवसांचं आजच कळवतो.