एचआयव्ही दबलेला आहे, तरी दादाचं लिव्हर कडक का होतंय?

पाऊलवाट:
दादा बऱ्याच वर्षांपासून एआरटीवर (एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवर) आहे, गोळी कधी चुकवत नाही. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) कधीचाच दिसेनासा झालाय. सोबत हिपॅटायटिस सीसुद्धा आहे. पण 'एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आहे, घाई नको' म्हणत तो विषय मागेच पडला. आता फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) केलं तर १०.८ किलोपास्कल. मागच्या वेळी बरंच कमी होतं. दारू तो घेत नाही. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ३८० च्या आसपास अडकलेत. मी वाचत बसले तर 'इम्यून अ‍ॅक्टिव्हेशन' (प्रतिकारशक्ती सतत चेतलेली असणं) सगळीकडे दिसतं. एचआयव्ही दबलाय, तर प्रतिकारशक्ती लढतेय कुणाशी? आणि लढतेय हे चांगलंच ना?

औषधवेळ:
ताई, मी याच आजारांचे रुग्ण बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लढणं चांगलं, पण ते कुठेतरी संपायला हवं. इथे ते संपतच नाही. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींचा फडशा पाडतो. एआरटीने रक्तातला आकडा सुधारतो, आतड्यातलं नुकसान मात्र पूर्ण भरून येत नाही. मग तिथल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात. हे २००६ मध्ये स्पष्टपणे दाखवलं गेलं आणि त्यानंतर या आजाराकडे बघण्याची नजरच बदलली. आतड्याचं रक्त सगळ्यात आधी जातं कुठे? थेट लिव्हरला. तिथल्या कुप्फर पेशी (लिव्हरच्या सफाई करणाऱ्या पेशी) हे तुकडे गिळतात. तुकडे येतच राहिले की दाह पेटता राहतो आणि लिव्हरमधल्या स्टेलेट पेशी कोलॅजन, म्हणजे व्रणाचे कडक धागे, टाकत सुटतात. लिव्हर कडक होतं ते त्यानेच.

त्यात हिपॅटायटिस सी त्याच लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलेला. एआरटीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्याच्यामुळे इंटरफेरॉनचे (विषाणूविरुद्ध शरीर सोडतं त्या प्रथिनाचे) संकेत चालूच राहतात, सीडी८ पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) सतत उत्तेजित राहतात आणि शेवटी थकतात. म्हणजे व्हायरल लोड दिसत नाही याचा अर्थ फक्त एक विषाणू दबलाय. दुसरा मोकळाच आहे.

एसजीपीटी नॉर्मल म्हणून थांबणं मला अजिबात पटत नाही. ती नॉर्मल असतानाही फायब्रोसिस (लिव्हरमधले व्रण) वाढू शकतो. फिब-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा) काढून बघा: वय गुणिले एसजीओटी (लिव्हरची आणखी एक रक्ततपासणी), भागिले प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. हे सूत्र दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांवरूनच बसवलंय. ३.२५ च्या वर गेलं तर फायब्रोसिस बराच पुढे गेल्याची शक्यता मोठी. पण १०.८ हा आकडाच पुरेसा बोलका आहे. हिपॅटायटिस सीचे उपचार आता सुरू व्हायला हवेत.

शांतपणे:
मला दोन्ही होते. सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्विर (हिपॅटायटिस सीचं औषध) १२ आठवडे घेतलं, दिवसाला एक गोळी. आधी माझं एआरटी बदललं, कारण त्यात एफाविरेन्झ होतं आणि ते वेल्पाटास्विरचं रक्तातलं प्रमाण पार खाली आणतं. त्याऐवजी दिलेल्या डोल्युटेग्राविरसोबत अडचण आली नाही. पित्ताच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना सांगा, ओमेप्राझोलसारख्यांनी औषध नीट शोषलं जात नाही. आणि सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, सी गेल्यावर लपलेला बी उसळू शकतो.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए (म्हणजे प्रत्यक्ष विषाणू) तपासला, सापडला नाही. अँटिबॉडी अजून पॉझिटिव्ह येते, ती येतच राहणार. तिला घाबरू नका. मात्र तिच्यामुळे संरक्षण मिळत नाही, पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

पाऊलवाट:
म्हणजे सी बरा झाला की हे सगळं शांत होईल? सीडी४ वाढतील?

औषधवेळ:
बरं होण्याचं प्रमाण आज ९५ टक्क्यांच्या पुढे आहे आणि एचआयव्ही असला तरी ते तितकंच. पूर्वीच्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचे दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं मोल विचारा! दाह कमी होतो, लिव्हरचा कडकपणाही बऱ्याच जणांत उतरतो. पण उत्तेजना पूर्ण निवळेल असं वचन मी देणार नाही. दाहाच्या काही खुणा वाढलेल्याच राहतात, थकलेल्या पेशी सगळ्याच सावरत नाहीत.

सीडी४ वाढतीलच असं नाही. लिव्हरचा आजार फार पुढे गेला आणि प्लीहा वाढली की पेशी तिथे अडकतात आणि आकडा उगाच कमी दिसतो. म्हणून सीडी४ ची टक्केवारीही बघा, ती जास्त स्थिर असते.

सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर पार कडक होणं) ठरला तर सी गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सोडायची नाही, कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. एआरटीत एक दिवसही खंड नको. स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात एआरटी मध्येमध्ये थांबवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि त्या लोकांच्या रक्तात दाहाच्या खुणाही वाढलेल्या आढळल्या.

पाऊलवाट:
आत्ताच डबी बघितली, दादाच्या गोळीत एफाविरेन्झच आहे. हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट फाइलमध्ये कुठेच नाही. तो सोमवारी करून घेते आणि एआरटी बदलण्याचं त्याच दिवशी विचारते. फिब-४ ३.६ आलं.