धनाग्र, ऋणाग्र आणि उगवतीचं टोक : विद्युत अपघटनातले शब्द

प्रश्न

माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता बारावी सायन्सला आहे. 'धनाग्र म्हणजे ॲनोड, ऋणाग्र म्हणजे कॅथोड' हे तिचं तोंडपाठ आहे. परवा विद्युतघटाच्या धड्यात 'ॲनोड ऋण असतो' असं वाक्य आलं आणि ती वही मिटून बसली. म्हणाली, "आई, मग आधी चुकीचं शिकवलं का?" मला उत्तर देता आलं नाही. घोळ शब्दांत आहे की तिच्या समजण्यात?

उत्तर

ताई, घोळ शब्दांत आहे, तिच्या समजण्यात अजिबात नाही. तिला हे आधी सांगा, कारण अशा ठिकाणी हुशार मुलंच अडखळतात.

मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शाळेच्या पातळीवर आपले मराठी शब्द खरोखर चांगले आहेत. 'धन' म्हणजे संपत्ती, 'ऋण' म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये अधिक आणि उणे संख्यांसाठी हेच शब्द वापरले होते. 'अग्र' म्हणजे टोक. तेव्हा धनाग्र म्हणजे बॅटरीच्या अधिक बाजूला जोडलेलं टोक आणि ऋणाग्र म्हणजे उणे बाजूला जोडलेलं. धन आयन, म्हणजे द्रावणातले धन प्रभाराचे कण, ऋणाग्राकडे जातात, ऋण आयन धनाग्राकडे. विरुद्ध प्रभारांचं आकर्षण शब्दातच दिसतं, मुलांना वेगळं पाठ करावं लागत नाही.

अडचण एवढीच की हे शब्द टोकाचा प्रभार सांगतात, आणि ॲनोड-कॅथोड हे मूळ शब्द प्रभार सांगतच नाहीत. ते वाट सांगतात.

1834 मध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाला या सगळ्यासाठी नवी नावं हवी होती. वीज म्हणजे नक्की काय, ती कुठून कुठे वाहते, याबद्दल तेव्हा एकमत नव्हतं. उद्या कल्पना बदलली तरी चालतील अशी नावं त्याला हवी होती. त्याने केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्युएल यांना पत्र लिहून सल्ला विचारला. फॅरेडेच्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते असं : पृथ्वीचं चुंबकत्व तिच्याभोवती फिरणाऱ्या प्रवाहामुळे आहे असं मानलं, तर तो प्रवाह सूर्याच्या वाटेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला हवा. आपलं द्रावणाचं भांडं त्याच दिशेत ठेवलं की एक टोक उगवतीला येतं, एक मावळतीला. ह्युएलनी सुचवलं, ॲनोड : ग्रीकमध्ये वर येण्याची वाट, आणि कॅथोड : खाली जाण्याची वाट.

आपल्याकडे खेड्यात अजून 'उगवतीकडचं शेत', 'मावळतीचा बांध' म्हणतात. मी वर्गात तेच वापरते. ॲनोड हे उगवतीचं टोक : इथून प्रवाह द्रावणात शिरतो. कॅथोड हे मावळतीचं टोक : इथून तो बाहेर पडतो. मुलीला हे वाक्य दोन्हीकडे लावून बघू दे. अपघटनाच्या, म्हणजे विजेने संयुग सुटं करण्याच्या, भांड्यात बाहेरची बॅटरी प्रवाह ढकलते, तो अधिक टोकातून द्रावणात येतो, म्हणून तिथे ॲनोड धन. विद्युतघट स्वतःच वीज तयार करतो. बाहेरच्या तारेत प्रवाह अधिक टोकाकडून उणे टोकाकडे जातो, म्हणजे घटाच्या आत तो जस्ताकडून, उणे टोकाकडून, द्रावणात शिरतो. म्हणून तिथे ॲनोड ऋण. उगवतीचं टोक दोन्हीकडे तेच राहिलं, प्रभार तेवढा बदलला. आणि दोन्हीकडे ॲनोडवर ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन सुटणं), कॅथोडवर क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणं).

माझं मत : विद्युत अपघटन शिकवताना धनाग्र-ऋणाग्र खुशाल वापरावेत. विद्युतघट आला की 'धन टोक', 'ऋण टोक' म्हणावं आणि ॲनोड-कॅथोड हे शब्द वेगळे ठेवावेत. कोरड्या सेलमधली कार्बनची कांडी हे धन टोक असतं. तिला 'धनाग्र' म्हटलं आणि धनाग्र म्हणजे ॲनोड असं आधी पाठ असलं, की तुमच्या मुलीचं झालं तेच होतं, कारण ती कांडी कॅथोड आहे.

आणखी एक जण

मी प्लेटिंगच्या कारखान्यात काम करतो. मॅडम, आमच्याकडे कॅथोड हा शब्द कुणी उच्चारतच नाही. कॅथोड म्हणजे 'जॉब', ज्यावर थर चढवायचा तो. ॲनोड मात्र सगळे म्हणतात : 'निकेलचा ॲनोड खाल्ला गेलाय, बदल.' ॲनोड खाल्ला जातो आणि जॉबवर चढतो, हे दहावी नापास पोरालाही कळतं. बफिंग, म्हणजे आधी घासून गुळगुळीत करणं, नीट झालं नसेल तर थराची पकड बसत नाही, साल निघते.

पुस्तकात 'विद्युत विलेपन' आहे. बाजारात 'मुलामा' म्हणतात, नाहीतर 'सोन्याचं पाणी चढवलंय'. यातला बरोबर शब्द कोणता?

उत्तर

तिन्ही बरोबर, जागा वेगळ्या. 'मुलामा' अरबीतून आला, मूळ अर्थ चकाकी दिलेलं. त्यात फक्त परिणाम आहे, वीज नाही. विजेआधीही मुलामा देत होतेच. 'पाणी चढवणं' मला फार आवडतं, कारण थर किती पातळ आहे ते त्यात आलं. विद्युत विलेपन मात्र पद्धत सांगतं. आणि कल्हई यात धरू नका. तिथे वीज नसते, तापवलेल्या भांड्यावर वितळलेलं कथील फिरवतात.

तुमचा 'खाल्ला जातो' हा शब्द मी उद्याच वर्गात वापरणार आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडल्या की मुलं ऋणाग्राकडेच बघत बसतात, तिथे लालसर गुलाबी ताजं तांबं बसत असतं. दुसरी पट्टी खाल्ली जाते आहे आणि म्हणूनच द्रावणाचा निळा रंग फिका पडत नाही, हे सांगावं लागतं. पट्ट्यांऐवजी ग्रॅफाइटच्या कांड्या लावल्या की खायला तांबं नाही. निळा रंग हळूहळू उतरतो.

ॲल्युमिनिअमच्या खिडक्यांवर 'ॲनोडायझिंग' करतात, त्याला पाठ्यपुस्तकात 'धनाग्रीकरण' आहे. तिथे जॉबच ॲनोडला लावतात, म्हणून त्याच्यावर ऑक्साइडचा घट्ट थर तयार होतो. हा शब्द नेमका आहे, तिथे वीज बाहेरून दिलेली असते. पण गिझर दुरुस्त करणारा 'ॲनोड रॉड गेलाय' म्हणतो, त्याला 'धनाग्र' म्हणू नका. तो मॅग्नेशिअमचा रॉड टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजतो, ऑक्सिडीकरण त्याचं होतं म्हणून ॲनोड. प्रभाराने तो ऋण बाजूच आहे.

आणखी एक प्रश्न

'अपघटन' हाच शब्द का? जुन्या लेखनात 'विद्युत विच्छेदन' वाचलंय. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालतो ते पाणी आटतं की त्याचंही अपघटन होतं?

उत्तर

विच्छेदन म्हटलं की शवविच्छेदन आठवतं, काहीतरी कापल्यासारखं. इथे कापणं नाही. 'घटन' म्हणजे जुळणं, घडणं, आणि 'अप' म्हणजे दूर : जुळलेलं सुटं होणं. दहावीत 'अपघटन अभिक्रिया' येतेच, तिला विजेची जोड दिली की झालं विद्युत अपघटन. माझ्या एका विद्यार्थिनीने पेपरात सगळीकडे 'विद्युत अपघात' लिहिलं होतं. तेव्हापासून मी पहिल्याच तासाला फळ्यावर 'अप + घटन' सुटं लिहिते.

बॅटरीचं पाणी आपण 'आटलं' म्हणतो, पण त्यातलं बरंचसं चार्जिंगच्या शेवटी फुटलेलं असतं : हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आकारमानाने दोनास एक. म्हणूनच बॅटरी हवेशीर जागी ठेवायची आणि तिच्याजवळ काडी ओढायची नाही.

आणखी एका जोडीकडे लक्ष ठेवा : द्रव आणि द्रावण. वितळलेल्या मिठातून वीज नेली तर ऋणाग्रावर सोडिअम मिळतो. मिठाच्या पाण्यातून नेली तर तिथे हायड्रोजन येतो, धनाग्रावर क्लोरिन, आणि भांड्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. 'मिठाचं अपघटन' एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धवट राहतं. हिंदी पुस्तकं वाचणाऱ्यांनी 'क्षार'ही जपावा : मराठीत तो मीठ-मोरचूद अशा संयुगांसाठी, हिंदीत त्यांना 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे आपला अल्क (अल्कली).

पहिल्या प्रश्नकर्त्या ताई

मॅडम, उगवती-मावळतीचं मुलीला सांगितलं. तिने दोन्ही आकृत्या काढून बाण लावले आणि स्वतःच 'जमलं' म्हणाली. मग दोन पेन्सिली दोन्ही बाजूंनी तासून पाण्यात सोडल्या, नऊ व्होल्टची बॅटरी लावली. मीठ टाकायला निघाली होती, मी तुमचं क्लोरिनचं वाचून धुण्याचा सोडा टाकायला लावला. उणे बाजूला बुडबुड्यांची रांगच लागली. तिचा एक प्रश्न उरलाय : 'आयन' आणि उत्तरायणातलं 'अयन' यांचा संबंध आहे का?

उत्तर

आहे! 'आयन' ग्रीकमधून आला, अर्थ 'जाणारा'. तिथलं 'जाणे' हे क्रियापद आणि संस्कृतचा 'इ' हा धातू एकाच प्राचीन मुळाचे, आणि 'अयन' त्या 'इ'पासूनच झाला आहे. सूर्याचं उत्तरेकडे जाणं ते उत्तरायण, आणि प्रभार घेऊन टोकाकडे जाणारा कण तो आयन. लिहिताना मात्र कणासाठी 'आयन'च लिहा, 'अयन' सूर्याकडे राहू दे.