दृष्टिकोन, दृष्टिबिंदू की आणखी काही?

अर्धविराम : एका विज्ञानकादंबरीवर टिपण लिहितेय. दर प्रकरण वेगळ्या पात्राच्या नजरेतून, निवेदन मात्र सगळं तृतीयपुरुषी. त्यात एकाच माणसाच्या प्रती, सगळ्यांचं नाव तेच. साठेक पानं मी दोघांना एकच समजत होते! तर प्रकरण ज्याच्या नजरेतून चाललंय, त्या नजरेला काय म्हणायचं? 'दृष्टिकोन' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली, "म्हणजे त्याची मतं का?" 'निवेदक' चालत नाही. तो सांगत नाहीये, त्याला फक्त दिसतंय.

कोशकिडा : दृष्टिबिंदू.

बेरकी : चष्म्याचा नंबर काढल्यासारखं वाटतं. पीओव्ही (पॉइंट ऑफ व्ह्यू) लिहा, सगळ्यांना कळतं.

कोशकिडा : मग मराठीत लिहायचंच कशाला? तसं तुमचं 'तृतीयपुरुषी'सुद्धा तपासून घ्या. संस्कृत व्याकरणात 'तो' हा प्रथमपुरुष, 'तू' मध्यम आणि 'मी' उत्तम. 'प्रथमपुरुषी निवेदन' म्हटलं की पंडिताला नेमकं उलटं कळणार.

बेरकी : पंडित त्या प्रतींमध्येच हरवेल, पुरुषापर्यंत पोचायचाच नाही. शाळेत प्रथमपुरुष म्हणजे 'मी' शिकलो, विषय संपला.

तळटीप : पुरुषापेक्षा लिंगाने जास्त छळलंय मला. भाषांतर करत होतो, त्यात यानाचा संगणकच 'मी' म्हणून गोष्ट सांगतो. मूळ इंग्रजीत तो की ती हे शेवटपर्यंत झाकलेलं. मराठीत पहिल्याच वाक्याला 'पोचलो' की 'पोचले'? यान नपुंसकलिंगी म्हणून 'मी पोचलं' लिहून पाहिलं, तर बोबडं वाटलं. शेवटी सकर्मक भूतकाळ धरला : 'मी दार उघडलं', 'मी दिवे मालवले'. क्रियापद कर्माच्या मागे जातं, 'मी' सुटतो.

कोशकिडा : नेहमी नाही सुटत. 'मी नाव विसरलो', 'मी भाषा शिकलो'.

तळटीप : म्हणूनच माझं यान अख्ख्या पुस्तकात काही विसरत नाही आणि काही शिकतही नाही.

बेरकी : 'पोचलो'च ठेवायचं. दक्षिण महाराष्ट्रात बायकाही 'मी आलो' म्हणतात, कोणाचं काही अडत नाही.

तळटीप : तिकडचा वाचक म्हणेल ठीक. बाकीचे यानाला मिशा लावतील. 'आम्ही' आणि 'आपण' तर त्याहून वाईट. यान माणसाशी बोलताना 'आम्ही' म्हणालं की माणूस बाहेर, 'आपण' म्हणालं की आत. लेखकाने ते मुद्दाम मोघम ठेवलेलं, आणि मला पन्नासाव्या पानावर यानाचा पक्ष ठरवावा लागला.

अर्धविराम : हे सगळं छान, पण माझा शब्द? 'कथनकोन' कोणी वापरतं का? की सरळ 'कोणाच्या नजरेतून' लिहू?

कोशकिडा : 'कथन' आलं की पुन्हा सांगणारा आला. तुम्हीच म्हणालात तो सांगत नाही.

तळटीप : तुमची कादंबरी मीही वाचलीय बहुतेक. शेवटचं प्रकरण प्रतीच्या नजरेतून आहे, तीच ना?

अर्धविराम : हो, तिसऱ्या प्रतीच्या.

तळटीप : तिसरी? दोनच होत्या ना?