प्रतिसाद: फास दुसऱ्याचा, बागायत आपली

"बंदूक त्याची, फास त्याचा, मी फक्त बागायतीत येऊ दिलं, मग भाटकाराचा (जमीनमालकाचा) काय संबंध?" रानडुकरांच्या शिकारीवरच्या चर्चेत एकाने असं लिहिलंय, ते कायद्यापुढे टिकत नाही. वन्यजीव कायदा १९७२ च्या कलम ५२ नुसार गुन्ह्याला साथ देणाराही गुन्हेगारच धरला जातो, आणि शिकारीच्या व्याख्येत फास लावणं, विष घालणं, नुसता प्रयत्न करणंही येतं. रानडुक्कर आता अनुसूची २ मध्ये (कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत) आहे, त्याच्या शिकारीला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरा धोका मात्र डुकराचा नाही, फासकीचा, म्हणजे तारेच्या फासाचा. क्लचची तार काजूच्या बुंध्याला बांधून ठेवली की तिला डुक्कर आणि बिबटा यांतला फरक कळत नाही. बिबटा अनुसूची १ मधला. तिथे किमान ३, कमाल ७ वर्षं आणि दंड २५ हजारांपासून पुढे. शिवाय फास लावणारा निघून जातो, तार राहते आपल्या जमिनीत! कुंपणाच्या कडा आणि डुकरांच्या वाटा नियमित पाहा. तार सापडली तर गुपचूप काढून फेकू नका, फोटो काढून वनखात्याला लेखी कळवा, पोच घ्या. जनावर जिवंत अडकलं असेल तर जवळ जाऊ नका, सरळ फोन करा.

पिकाची नासाडी होतेच, नाकारत नाही. पण त्यासाठी वाट कलम ११ ची: मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा डुक्कर मारायला परवानगी देणारा कारणांसह लेखी आदेश. वनखात्याच्या गार्डाने तोंडी "चालेल" म्हटलं, त्याला काडीची किंमत नाही. आदेशाने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता, मटणाचे वाटे घालता येत नाहीत.